दुसरा उपग्रह

गवंडी वापरतात तसल्या पोलादी मेजर टेपचे तुकडे कापून पीव्हीसीच्या पाइपवर आडवे बसवलेले होते. ती अँटेना तिसऱ्या वर्षाच्या एका मुलानं भाल्यासारखी आभाळाकडे रोखून धरली होती. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाची गच्ची, सप्टेंबरातली उघडीप, खाली उसाचं शिवार, पश्चिमेला अजून थोडी लाली. शेजारी लॅपटॉपच्या पडद्यावर रेडिओलहरींचा निळा धबधबा वरून खाली सरकत होता.

"सर, अजून चाळीस सेकंद," लॅपटॉपपाशी बसलेली मुलगी म्हणाली. "मग तो क्षितिजावर येईल. पण त्या मोबाईल टॉवरमुळे पहिलं मिनिट आपल्याला काही मिळत नाही."

मिनिट गेलं. निळ्या पाण्यात एक पिवळी रेघ उमटली, तिरकी होत गेली आणि मोर्सचा बारीक, तुटक सूर ऐकू यायला लागला. कुठल्यातरी परदेशी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला, चहाच्या डब्याएवढा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वेगानं आमच्या डोक्यावरून चालला होता. रेघ तिरकी का, तेही तिनंच समजावलं. फाटकात उभं असताना जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी लागते आणि लांब जाणारीची उतरती, तसंच रेडिओलहरींचं. ४३७ मेगाहर्ट्झवर हा फरक दोन्ही बाजूंना दहा किलोहर्ट्झच्या आसपास भरतो. तो सांभाळत रेडिओ जुळवत राहावं लागतं. दहाएक मिनिटांत उपग्रह ईशान्येला बुडाला. एकानं जाडजूड रजिस्टर उघडून तारीख, वेळ, कमाल उंचीचा कोन लिहिला आणि शेवटच्या रकान्यात 'ऐकू आला' अशी नोंद केली.

संपादकांनी यंदाच्या अंकाचं सूत्र सांगितलं ते 'भरारी'. विद्यापीठांतून अंतराळाचं काय चाललंय, मुलं काय बनवतात, त्यातून धंदे कसे उभे राहतात, हे बघून या, असं म्हणाले. उपग्रह सुटतानाचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत: टाळ्या वाजवणारी मुलं, पेढे, पहिल्या पानावर बातमी. मला त्याच्या आधीची आणि नंतरची वर्षं बघायची होती. त्या गच्चीवर भेटलेल्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी एक वाक्य टाकलं आणि ते पुढचे दोन महिने माझ्याबरोबर फिरत राहिलं. "पहिला उपग्रह जिद्दीवर निघतो. दुसरा कॉलेजला काढावा लागतो."

## चार इंचांचा खोका

भारतातलं अंतराळ संशोधन कॉलेजच्या खोल्यांतच वाढलं, हे आपण विसरतो. विक्रम साराभाईंनी १९४७ साली सुरू केलेल्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेला सुरुवातीची जागा मिळाली ती अहमदाबादच्या एम. जी. सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये. इस्रोसाठी घन इंधन घडवणारे वसंत गोवारीकर पुढे पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण मधल्या काळात उपग्रह इतके मोठे आणि महाग होत गेले, की विद्यापीठाच्या वाट्याला त्यांनी पाठवलेली आकडेवारी तपासण्याचं काम तेवढं उरलं.

ते बदललं १९९९मध्ये. स्टॅनफर्डचे बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे होर्डी पुइग-स्वारी या दोन प्राध्यापकांपुढे प्रश्न होता तो वेळेचा. विद्यार्थी दोन-तीन वर्षांत बाहेर पडतो आणि उपग्रहाला सात-आठ वर्षं लागतात. मग तो शिकणार काय? तो शिकून बाहेर पडायच्या आत उपग्रह उडाला पाहिजे, म्हणजे तो लहान आणि साधा हवा. किती लहान, याचा अंदाज घेण्यासाठी ट्विग्ज यांनी दुकानातून 'बीनी बेबी' बाहुल्यांचा प्लास्टिकचा चौकोनी खोका आणला होता, असं त्यांनीच सांगितलं आहे. त्यातून दहा सेंटिमीटरचा घन ठरला, तोच क्यूबसॅट.

खरी करामत मात्र या घनाला रॉकेटवर नेणाऱ्या पेटीत आहे. रॉकेटवाल्यांना सगळ्यात मोठी धास्ती असते ती ही, की पोरांनी बनवलेलं काहीतरी वाटेत सुटेल आणि शेजारच्या कोट्यवधींच्या उपग्रहावर आदळेल. कॅलिफोर्नियातल्या गटानं स्प्रिंग लावलेली बंद पेटी बनवली. आतला उपग्रह बिघडलेला असला तरी दार उघडेपर्यंत पेटी त्याला बाहेर पडू देत नाही. त्यामुळे रॉकेटवाल्यांना पेटी तपासली की पुरतं. बाकीचा विश्वास त्या पेटीनं मिळवून दिला.

## पीएसएलव्हीवरचे पाहुणे

२८ एप्रिल २००८. श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी९ सुटलं आणि त्यानं एकाच फेरीत दहा उपग्रह कक्षेत सोडले. आपल्याकडच्या बातम्यांत तो दहाचा आकडा गाजला. दहांपैकी दोन आपले, आठ परदेशी आणि लहान. त्या आठांतले बहुतेक विद्यापीठांतून आलेले होते: डेन्मार्कमधलं आल्बोर्ग, हॉलंडमधलं डेल्फ्ट, जर्मनीतलं आखेन, जपानमधलं टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि निहोन, कॅनडातलं टोरोंटो. तोवर भारतीय विद्यार्थ्यांचा एकही उपग्रह कक्षेत गेला नव्हता. अण्णा विद्यापीठाचा चाळीस किलोंचा 'अनुसॅट' गेला तो वर्षभरानं, २० एप्रिल २००९ रोजी.

या पाहुण्यांचा पुढचा प्रवास मी शोधत गेलो, तेव्हा प्राध्यापकांच्या वाक्याचा अर्थ उलगडायला लागला. आल्बोर्गचा २००८ मधला उपग्रह त्यांचा दुसरा. २००३ मध्ये सोडलेल्या पहिल्याचा सिग्नल क्षीण आला होता आणि बॅटरी फार टिकली नव्हती. विद्यापीठानं प्रकल्प गुंडाळला नाही. दुसऱ्याचं काम चालू असतानाच, २००७ मध्ये, तिथल्या मंडळींनी 'गोमस्पेस' कंपनी काढली. ती आज जगभर लहान उपग्रहांचे सुटे भाग विकते. डेल्फ्टच्या उपग्रहावर काम करणाऱ्यांनी २००६ मध्ये 'आयसिस' काढली. टोकियो विद्यापीठानं २००३ आणि २००५ असे लागोपाठ दोन सोडले आणि तिथल्या विद्यार्थ्यांतून २००८ मध्ये 'ॲक्सेलस्पेस' उभी राहिली.

सर्वांत जुनी कथा इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाची. मार्टिन स्वीटिंग हा हौशी रेडिओचं वेड असलेला तरुण संशोधक. बाजारात मिळणारे साधे इलेक्ट्रॉनिक भाग वापरून उपग्रह बनवता येईल, असा त्याचा हट्ट होता. सर्किटचे आराखडे घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आखले गेले. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी 'युओसॅट-१' अमेरिकी रॉकेटवरून गेला. दुसऱ्या वर्षी सॉफ्टवेअरच्या एका चुकीनं उपग्रहाचे दोन्ही ट्रान्समीटर एकाच वेळी सुरू झाले. स्वतःच्याच गोंगाटात त्याला खालून आलेल्या आज्ञा ऐकू येईनात. कित्येक महिने हे चाललं. शेवटी कॅलिफोर्नियातली ४६ मीटर व्यासाची प्रचंड डिश अँटेना वापरून, त्या गोंगाटावर मात करेल इतक्या जोरात आज्ञा पाठवली गेली आणि तो ताळ्यावर आला.

चूक झाली, सहा महिने वाया गेले, पुढे काय? सरेनं १९८४च्या मार्चमध्ये 'युओसॅट-२' सोडला आणि तो अवघ्या सहाएक महिन्यांत बांधला होता. पहिल्याच्या चुका ज्यांच्या डोक्यात ताज्या होत्या तीच माणसं दुसऱ्यावर बसली होती, म्हणून ते जमलं. १९८५ मध्ये शंभर पौंड भांडवलावर विद्यापीठानं कंपनी काढली. २०१५च्या जुलैमध्ये पीएसएलव्ही-सी२८ नं ४४७ किलोंचा एक असे तीन उपग्रह नेले, ते याच कंपनीनं बांधलेले होते.

## स्वयम्

पुण्याच्या सीओईपीचं आवार मुळामुठेच्या काठावर. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था आता तंत्रज्ञान विद्यापीठ झाली आहे. इथल्या विद्यार्थ्यांनी २००८च्या सुमारास, म्हणजे ते परदेशी पाहुणे श्रीहरिकोट्याहून गेले त्याच काळात, स्वतःचा उपग्रह बनवायचं मनावर घेतलं. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून वीस उपग्रह गेले. त्यातला दहा सेंटिमीटरचा, किलोभर वजनाचा 'स्वयम्' त्यांचा. आठ वर्षांत दीडशेहून जास्त विद्यार्थ्यांचे हात त्याला लागले.

एवढ्याशा खोक्यात विशेष काय होतं? त्याची दिशा सांभाळण्याची तऱ्हा. उपग्रहाची अँटेना जमिनीकडे नीट वळलेली राहावी लागते. मोठ्या उपग्रहांत त्यासाठी फिरती चाकं आणि इंधनाचे फवारे असतात आणि ते चालवायला वीज लागते. पोरांकडे वीज म्हणजे तळहाताएवढ्या सौरपट्ट्या देतील तेवढी. त्यांनी आत कायमचा चुंबक बसवला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात होकायंत्राची सुई वळते तसा उपग्रह आपोआप वळत राहतो. पण सुई आधी डुलते आणि हवेच्या घर्षणानं थांबते. वर हवा नाही, त्यामुळे डुलणं थांबायचं नाही. त्यावर उपाय म्हणून खास मिश्रधातूच्या बारीक दांड्या बसवल्या. उपग्रह डुलला की दांड्यांचं चुंबकत्व उलटसुलट होतं, त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि डुलणं हळूहळू निवतं. वीज शून्य, फिरता भाग एकही नाही. अकरावीच्या भौतिकशास्त्रातून निघालेली ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

कामही तितकंच नेमकं निवडलेलं होतं. एका ठिकाणाहून पाठवलेला निरोप झेलायचा, पोटात ठेवायचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना खाली टाकायचा. आकाशातला पोस्टमनच. त्यासाठी हौशी रेडिओच्या लहरी वापरायच्या.

त्याच वर्षी, २६ सप्टेंबरला, मुंबई आयआयटीचा दहा किलोंचा 'प्रथम' गेला. वातावरणाच्या वरच्या थरात इलेक्ट्रॉनांची दाटी किती आहे हे तो मोजणार होता. यातला मला भावलेला भाग जमिनीवरचा आहे. प्रथमच्या मुलांनी देशातल्या इतर महाविद्यालयांना स्वतःची ग्राउंड स्टेशनं उभारायला शिकवलं, कारण मोजमाप जितक्या ठिकाणांहून होईल तितका नकाशा चांगला. उपग्रह एका संस्थेचा, पण त्यानिमित्तानं लहान गावांतल्या कॉलेजांच्या गच्च्यांवरही अँटेना चढल्या.

## शुद्ध कथलाचे केस

आता पुन्हा त्या गच्चीच्या खाली, दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये. इथली क्लीन रूम म्हणजे ॲल्युमिनियमच्या चौकटीत काच बसवून वेगळा काढलेला कोपरा. दाराशी पायांची धूळ पकडणारी चिकट चटई, चपलांवर घालायच्या पिशव्या, मनगटाला बांधायचा अर्थिंगचा पट्टा. हिवाळ्यात हवा कोरडी झाली की स्थिर वीज जास्त त्रास देते. जानेवारीत स्वेटर घालून आत यायला बंदी आहे.

मी तिथं दोन दिवस बसलो आणि वर्गात इतकी वर्षं शिकवूनही न कळणाऱ्या गोष्टी इथं किती सहज कळतात ते पाहिलं. सोल्डरिंगची तार शिसं असलेलीच का? शुद्ध कथलाला काही काळानं केसासारखे बारीक तंतू फुटतात आणि दोन टोकं जोडली जाऊन सर्किट शॉर्ट होतं. जमिनीवर ते खरवडता येतं, वर कोण जाणार? संगणकाला पंखा का नाही? हवाच नाही, तर पंखा हलवणार काय. उष्णता धातूतून वाहून न्यायची आणि बाहेरच्या पृष्ठभागावरून फेकायची. दीड तासाच्या प्रत्येक प्रदक्षिणेत एक दिवस आणि एक रात्र, म्हणजे रोज पंधराएक वेळा तापायचं आणि गारठायचं. साधा चिकटपट्टीचा तुकडाही चालत नाही, कारण निर्वातात त्याचा गोंद वायू सोडतो आणि तो कॅमेऱ्याच्या भिंगावर जाऊन बसतो.

आणि हो, ती मेजर टेप. गच्चीवरच्या अँटेनेसाठी स्वस्त म्हणून वापरली असेल, असं मला वाटलं होतं. लॅबमध्ये तयार होत असलेल्या उपग्रहाची अँटेनाही त्याच पोलादी पट्टीची निघाली. जगभरच्या अनेक लहान उपग्रहांची तशीच असते. पट्टी दुमडली तरी सोडल्यावर ताठ होते, हा तिचा गुण. ती गुंडाळून नायलॉनच्या दोऱ्यानं बांधतात. कक्षेत गेल्यावर एक बारीक घटक तापतो, दोरा जळतो आणि अँटेना उलगडते. एवढा दोरा जळला नाही तर सारा उपग्रह मुका. या मुलांनी तो दोरा फ्रीजरमध्ये ठेवून, पंप लावलेल्या काचेच्या भांड्यात ठेवून, बॅटरी उतरलेली असताना, अशा चाळीस तऱ्हांनी जाळून पाहिला आहे. जळलेल्या दोऱ्यांचे तुकडे वहीत चिकटवून ठेवलेत.

लॅबमध्ये असताना एका मुलानं कंपन-चाचणीची हकिकत सांगितली. रॉकेट सुटताना बसणारे हादरे एका टेबलावर देऊन बघतात. ते यंत्र यांच्याकडे नाही, दुसऱ्या शहरात जाऊन दिवसाच्या भाड्यानं घ्यावं लागतं. आधीच्या एका बॅचचा नमुना टेबलावर ठेवला आणि अर्ध्या मिनिटात आत काहीतरी खुळखुळायला लागलं. उघडलं तर एक स्क्रू निघालेला. स्क्रूला लावायचा गोंद कुणी लावायचा यावर दोन गटांत समजुतीचा घोटाळा झाला होता. भाड्याचा दिवस गेला, परतीच्या बसमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. तेव्हापासून प्रत्येक स्क्रूला नंबर आहे आणि तो आवळणाऱ्याची सही.

कागदपत्रांचं शिक्षण तर कुठल्याच अभ्यासक्रमात नाही. हौशी रेडिओच्या लहरी वापरायच्या तर आंतरराष्ट्रीय संघटनेकडून वारंवारिता ठरवून घ्या, दिल्लीहून परवाना आणा, त्यासाठी परीक्षा द्या, इन-स्पेस या सरकारी संस्थेची मंजुरी घ्या. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी फक्त हेच बघते. तिच्या फायलीची जाडी बघून मला तिच्याविषयी मोठा आदर वाटला.

## चौथ्या टप्प्यावरची जागा

सगळ्या कॉलेजांना आठ वर्षं काढणं परवडत नाही. इस्रोनं त्यावर एक वाट काढली. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा आपलं काम संपवून कक्षेत रिकामा फिरत राहायचा. त्यालाच सौरपट्ट्या आणि दिशा सांभाळण्याची यंत्रणा बसवून फिरती प्रयोगशाळा केली. तिचं नाव पोएम. पहिली गेली ३० जून २०२२ रोजी. इथं कॉलेजनं फक्त प्रयोगाची पेटी द्यायची. वीज, निरोप खाली पाठवणं, दिशा सांभाळणं हे पोएमकडे.

३० डिसेंबर २०२४ रोजी गेलेल्या चौथ्या पोएमवर चोवीस प्रयोग होते, त्यातले दहा विद्यापीठं आणि नव्या कंपन्यांचे. मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठानं पालकाच्या पेशी पाठवल्या आणि त्याच वेळी तशाच पेशी जमिनीवरही वाढवल्या, म्हणजे तुलना करता येईल. पुण्याच्या एमआयटी वर्ल्ड पीस युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांचाही प्रयोग त्यावर होता. वर्षभर आधी, १ जानेवारी २०२४ च्या उड्डाणात, मुंबईच्या के. जे. सोमय्या संस्थेचा हौशी रेडिओचा प्रयोग गेला होता.

या सोयीनं दार मोठं झालं यात शंका नाही. ज्या कॉलेजकडे धड ऑसिलोस्कोप नाही तेही आता अर्ज करतं. तरी मला एक काळजी वाटते. उपग्रह बनवणाऱ्याला वीज वाचवावी लागते, तापमानाशी झगडावं लागतं, रेडिओवाल्याचं आणि बॅटरीवाल्याचं भांडण सोडवावं लागतं. सगळ्या व्यवस्था एकमेकींवर कशा रेलतात हे त्या भांडणातूनच उमगतं. प्रयोगाची पेटी बनवणारा त्यातलं बरंच चुकवतो. ज्यांना शक्य आहे त्यांनी पोएमची पायरी चढून पूर्ण उपग्रहाकडे जावं, तिथंच थांबू नये.

## कंपनी कुठं जन्मते

चेन्नईच्या आयआयटी मद्रासमध्ये ज्वलनाच्या संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. तिथले प्राध्यापक सत्यनारायणन चक्रवर्ती आणि श्रीनाथ रविचंद्रन, मोईन एसपीएम हे दोघे तरुण यांनी मिळून २०१७ मध्ये 'अग्निकुल' उभी केली. संपूर्ण इंजिन एका तुकड्यात, त्रिमितीय छपाईनं बनवायचं, हा त्यांचा विचार. एरवी इंजिनात शेकडो भाग जोडावे लागतात आणि प्रत्येक जोड म्हणजे गळतीची एक शक्यता. श्रीहरिकोट्याला स्वतःचा प्रक्षेपण-तळ उभारून, आधी चार वेळा उड्डाण थांबवावं लागल्यानंतर, ३० मे २०२४च्या सकाळी त्यांचं चाचणी-रॉकेट उडालं.

चार वेळा थांबण्याची ताकद कुठून येते? पैशांचा भाग आहेच. पण इंजिन जाळून पाहण्याचा बाक, तो सुरक्षित चालवणारे तंत्रज्ञ, फसलं तर का फसलं हे ज्वाळेच्या रंगावरून सांगू शकणारा प्राध्यापक, हे एका नव्या कंपनीला बाजारात विकत मिळत नाही. विद्यापीठात ते वीस-तीस वर्षं साठत आलेलं असतं. मुंबई आयआयटीतून निघालेल्या 'मनस्तु स्पेस'चंही तेच. उपग्रहांना ढकलणारं पारंपरिक इंधन, हायड्राझिन, इतकं विषारी असतं की ते भरणाऱ्यांना डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाख घालावे लागतात. तुषार जाधव आणि अष्टेश कुमार यांनी हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेलं, हाताळायला सुरक्षित मिश्रण बनवलं. त्यांचं इंजिन त्याच चौथ्या पोएमवर अंतराळात गेलं. पिलानीच्या बिट्समधले आवैस अहमद आणि क्षितिज खंडेलवाल यांनी शिकत असतानाच २०१९ मध्ये 'पिक्सल' काढली. आवैस कॉलेजच्या विद्यार्थी-उपग्रह गटात होता. २०२५च्या जानेवारीत त्यांचे तीन उपग्रह कक्षेत गेले. पिकावर पडलेला रोग डोळ्यांना दिसायच्या आधी रंगाच्या बारीक छटांतून ओळखणं, हे त्यांचं एक काम. गच्चीखालच्या उसाकडे बघताना मला ते आठवत होतं.

२०२०मध्ये खासगी संस्थांसाठी अंतराळक्षेत्र खुलं झालं, इन-स्पेस स्थापन झालं, २०२३ मध्ये धोरण आलं. या सगळ्यामुळे कंपन्यांची वाट सुकर झाली. पण गच्चीवरच्या त्या मुलांना विचारलं, की तुमच्यातलं कोण कंपनी काढणार, तेव्हा एकच हात वर आला, तोही अर्धवट.

"घरचे म्हणतात आधी कॅम्पसमधून ऑफर घे," अँटेनावाला म्हणाला. "सातव्या सेमिस्टरला कंपन्या येतात, सर. त्याच सुमाराला आमची रिव्ह्यूची तारीख असते. दोन सिनिअर दादा त्या आठवड्यात गेले ते परत लॅबमध्ये आलेच नाहीत. त्यांचा दोष नाही. पण पॉवरचं सगळं त्यांच्याच डोक्यात होतं."

साखळी तुटते ती इथं. सीओईपीत स्वयम् नंतर सौरशिडाच्या उपग्रहाची कल्पना पुढं आली, मुंबई आयआयटीत 'अद्वितीय' हाती घेतला गेला. धडपड सगळीकडे आहे. पण टोकियोला दोन वर्षांत आणि सरेला अडीच वर्षांत जे जमलं, ते आपल्याकडे कुठल्याच विद्यापीठाला जमलेलं नाही. मुलं कमी पडली म्हणून असं झालं, हे मी मानणार नाही. विद्यार्थी जातोच, तो जाण्यासाठीच आलेला असतो. तिकडे त्याच्यामागे पगारी अभियंते, कायमचे तंत्रज्ञ, दहा-दहा वर्षं त्याच बाकावर बसणारे संशोधक असतात. आपल्याकडे प्रकल्पाला एकरकमी निधी मिळतो, यंत्रं येतात, उद्घाटन होतं. यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या पगाराचा रकाना अर्जात बहुतेक वेळा नसतोच. एका कुशल तंत्रज्ञाचा पाच वर्षांचा पगार ही दुसऱ्या उपग्रहाची खरी किंमत आहे आणि ती कुठल्याही विद्यापीठाला परवडणारी आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

## मामांची किल्ली

निघायच्या दिवशी सकाळी लॅब बंद होती. मुलं परीक्षेला गेलेली. लॅबमधले मामा किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले. इथं सगळे त्यांना मामाच म्हणतात, प्राध्यापकसुद्धा. आयटीआय झालेले, बावीस वर्षं याच खात्यात.

त्यांनी कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात पिवळसर फेसात दडवलेला, कधीच न उडालेला जुना नमुना होता, कंपन-टेबलावर स्क्रू निघालेला तोच. वरच्या कप्प्यात रजिस्टरं. मी एक चाळलं. दर दोन वर्षांनी अक्षर बदलत होतं. एका अख्ख्या पावसाळ्यात पानामागून पान एकच नोंद होती: 'ऐकू आला नाही', 'ऐकू आला नाही'.

"हे काय झालं होतं?"

"वायर," मामा म्हणाले. "गच्चीवरून खाली येणारी. जॉइंटमध्ये पाणी शिरत होतं. पोरं रेडिओच उघडून बघत होती रोज. मी त्यांना म्हटलं, आधी वायर बघा. दिवाळीनंतर बदलली."

"हे कुठं लिहून ठेवलंय?"

त्यांनी थोडा विचार केला. "लिहिलं नाही कुठं. मला ठाऊक आहे ना."

मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि टेबलाच्या खणातून एक कोरी वही काढली. पहिल्या पानावर तारीख घातली आणि सावकाश, छापील वळणाच्या अक्षरात लिहायला सुरुवात केली: १. गच्चीची वायर, जॉइंट दर मे महिन्यात तपासणे. २. जुन्या ऑसिलोस्कोपचा दुसरा प्रोब खराब आहे, वापरू नये. ३.

"पुढच्या जूनला मी रिटायर होतोय," मान वर न करता ते म्हणाले आणि तिसऱ्या आकड्यापुढं लिहू लागले.